बाई, हे पैसे तुमचे नाहीत

सन्माननीय अध्यक्ष, न्यायाधीश बाईसाहेब. व्यासपीठावर बसलेले वकील संघाचे अध्यक्ष. बँकेचे वसुली अधिकारी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते, दिवाळं निघालेल्यांची मालमत्ता विकून घेणेकऱ्यांत वाटून देणारे आपले रिसीव्हर साहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. कचेरीतला सगळा कर्मचारीवर्ग, वकील मंडळी. माझ्यासारखे, ज्यांचे पैसे कुठे ना कुठे बुडाले असे सगळे घेणेकरी. ज्यांनी ते बुडवले तेही. आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला बसलेले एक गृहस्थ. सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मघाशी स्टेनोबाईंनी कानात सांगितलं की आधीचे वक्ते जरा लांबले, तेव्हा तुम्ही चारच घ्या. दिवाळखोरीच्या कचेरीतला समारंभ आहे, त्यामुळे वेळेचीही वाटणी होणार आणि घेणेकऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येणार, हे ओघानेच आलं. माझी तक्रार नाही. पण मी चार मिनिटांत संपवेन असंही कोणी धरून चालू नये.

मी वक्ता नव्हे. बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या बाजूचा जिना चढून वर आलात की माझं दुकान. कपडे आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. तुमच्यापैकी दोघा-तिघांच्या कमरा मला पाठ आहेत, पण काळजी करू नका, त्यावर आज बोलणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘घेणेकऱ्यांच्या वतीने मनोगत’ असं छापलंय. स्टेनोबाईंनी फोन केला तेव्हा मी विचारलं, अहो, मीच का? तर म्हणाल्या, बाकीचे घेणेकरी साहेबांवर अजून चिडलेले आहेत.

मीही चिडलेलीच होते. पुष्कळ वर्षं होते. ते सांगायलाच उभी राहिले आहे.

मघाशी वकील संघाच्या अध्यक्षांनी साहेबांचा ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’ असा उल्लेख केला. त्या वेळी वहिनींनी साहेबांकडे पाहिलं आणि मी वहिनींकडे पाहिलं, आम्हा दोघींना जे समजायचं ते समजलं. साहेब, तुम्हाला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही, पण या कचेरीत तुम्हाला ‘एरंडेल’ म्हणतात. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा म्हणून. शिपायांनी ठेवलेलं नाव आहे, वकिलांनी ते उचललं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा लोकांपर्यंत आपोआप पोहोचलं. ‘आज एरंडेल आहे का?’ असं विचारत आम्ही आत यायचो. बघा, आत्ताही तोच चेहरा आहे. पुष्पगुच्छ हातात धरूनसुद्धा तोच.

मग अशा माणसाचं मी कौतुक करायचं ते काय म्हणून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मुलीच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं. ‘माझा नवरा’ असं मी म्हणत नाही, कारण इथे पहिल्याच दिवशी साहेबांनी मला अडवलं होतं. ‘घटस्फोट झालाय ना? मग मुलीचे वडील म्हणा. कागदावर तेवढंच नातं उरलंय.’ तेव्हापासून मी तसंच म्हणते. तर मुलीचे वडील हाताचे कसबी. खुर्ची अशी करायचे की बसलेला माणूस उठायचं नाव घेत नसे. पण डोक्यात मोठेपणाचं खूळ. एक दुकान चालतंय म्हणून दुसरं काढलं, दुसरं चालत नाही म्हणून त्याच्यासाठी कर्ज, आणि त्या कर्जाचे हप्ते भरायला आणखी एक कर्ज. आमचं फाटलं ते यावरूनच, दुसरं काही नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं, रोज उठून शिव्या तरी घातल्या असत्या.

कोर्टाने मुलीची पोटगी ठरवून दिली. काही महिने ती आली. मग अर्धी आली. मग ‘पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो’ असा निरोप आला. मग निरोपही यायचा थांबला. मी दोनदा कोर्टात गेले, तारखा पडल्या, दुकान बंद ठेवून तारखांना जायचं तर त्या दिवसाची कमाई गेली. शेवटी मी नाद सोडला. माणूस किती ठिकाणी धावणार?

त्यात मुलीच्या पाठीचं निघालं. ते कसं निघालं ते सांगते, कारण ते फक्त शिवणाऱ्या बाईच्या घरातच असं निघू शकतं. तिचा शाळेचा फ्रॉक एका बाजूने वर जायचा. मला वाटलं माझी कापणी चुकली. मी खालची दुमड उसवून पुन्हा घातली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा मी सरळ करून दिलं. कापड सरळ दिसत होतं ना, मग झालं. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिला पुढे वाकायला सांगितलं, तेव्हा कळलं की फ्रॉक बरोबरच होता. तिचा कणा एका बाजूला वळत चालला होता.

डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, घाबरू नका, पाठीला पट्टा लावू. पट्टा म्हणजे कापडाचा नव्हे हं. कडक प्लॅस्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंत, अंगाभोवती डबा बसवावा तसा. आंघोळ सोडली तर दिवसरात्र घालायचा. आणि एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. हाडं वाढतायत तोवरच याचा उपयोग. मुलगी वाढली की पट्टा लहान पडणार, तो बदलायचा, मग पुन्हा बदलायचा. वाढ एकदा थांबली की मग कितीही पैसे आणा, पट्टा भिंतीला टांगून ठेवायचा.

पहिला पट्टा मी माझं जुनं शिलाई यंत्र विकून केला. तो लहान पडायला लागला, तिच्या बरगड्यांवर लाल वळ उठायला लागले, तेव्हा दुसऱ्याची वेळ आली. पट्टे बनवणारे लोक साचा घेण्याआधी सगळे पैसे मोजून घेतात. मी मुलीच्या वडिलांना निरोप धाडला. उत्तर म्हणून काय आलं असेल? या कचेरीची नोटीस आली. ‘अमुक अमुक यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आहे, आपलं काही येणं असल्यास कळवावं.’

माझा भाऊ म्हणाला, संपलं. दिवाळं काढलं म्हणजे सगळ्यांच्याच तोंडाला पानं पुसली. शेजारच्या चष्मेवाल्यानेही तेच सांगितलं. आणि पुढे मला कळलं की मुलीच्या वडिलांनाही तेच वाटत होतं. एकदा दिवाळं निघालं की बँक, लाकूडवाला, काचवाला, वीज आणि मुलगी, सगळं एका फटक्यात पुसलं जातं, असा त्यांचा समज होता. कोणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेला कायदा.

म्हणून मी इथे आले ती भांडायला नव्हे. सोडवून घ्यायला आले. तुम्ही सगळे रोज या इमारतीत येता, तुम्हाला ती दिसेनाशी झाली असेल. दुसऱ्या मजल्यावरचा तो लांबट व्हरांडा, पाय डुगडुगणारा बाक, भिंतीला टेकून टेकून डोक्यांचे तेलकट डाग पडलेले. त्या बाकावर बसून मी मनाशी ठरवलं होतं की जे काय शंभरातले पाच-दहा मिळतील ते घ्यायचे, सही करायची आणि घरी जायचं. मला कंटाळा आला होता हो. राग यायलाही अंगात जीव लागतो.

आत साहेब होते. टेबलावर ढीग, त्यामागे हा चेहरा. मी म्हटलं, ‘साहेब, मला सगळे नकोत. थोडे द्या, बाकी सोडते. कुठे सही करायची सांगा.’

साहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, ‘तुम्हाला सोडता येणार नाही.’

‘का? पैसे माझे आहेत.’

तेव्हा वर पाहिलं. ‘बाई, हे पैसे तुमचे नाहीत. मुलीचे आहेत. बँकेला वाटलं तर बँक आपलं सोडेल. लाकूडवाला सोडेल. तुम्ही कोण सोडणार?’

मी म्हटलं, ‘मी तिची आई आहे.’

‘म्हणूनच तुम्हाला इथे बोलावलंय. ती लहान आहे, तिच्या वतीने मागायचं काम तुमचं. माफ करायचं काम तुमचं नाही. ती मोठी झाली आणि तिला वाटलं, तर तिचं ती बघेल.’ आणि पुढचा कागद ओढला. ‘आणि हे पुसलंही जात नाही. बाकी सगळं जाईल, हे राहील. त्यांनाही सांगा, तुम्हीही ऐकून ठेवा. पुढच्या आठवड्यात घेणेकऱ्यांची सभा आहे. मुलीला आणा.’

अध्यक्ष महोदया, लोकांना वाटेल की हे ऐकून मला धीर आला. मुळीच नाही. मला असा संताप आला की जिना उतरताना मी रडले. माझ्या हातातली एकच सोपी गोष्ट, सोडून देणं, तीही या माणसाने काढून घेतली. म्हणजे मला दमायचीही मुभा नाही? बाकी सगळ्या जगाला नुकसान सोसून घरी जाता येतं आणि मला तेवढंही करता येत नाही? त्या दिवशी मी साहेबांना जी नावं ठेवली, त्यात एरंडेल हे सगळ्यात सभ्य होतं.

तरी गेले. मुलीला घेऊन गेले. आणि इथे माझ्या हातून जे घडलं ते ऐका. चांगली माणसं असतील, वकील असतील, म्हणून मी आदल्या दिवशी तिच्यासाठी खास झगा शिवला. पुढे चुण्या, वर सैलसर जाकीट, आतून अस्तर. अंगावर पट्टा आहे याची कोणाला शंकाही येऊ नये. माझं आजवरचं सगळ्यात सफाईदार काम म्हणायला हरकत नाही.

साहेबांची सभा घ्यायची एक रीत आहे, ती नव्या लोकांनी ऐकून ठेवावी. दुसरीकडे देण्यांची यादी कारकून वाचतो. इथे ती दिवाळं काढणाऱ्यानेच उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या तोंडावर वाचायची. बँकेचं एवढं. लाकूडवाल्याचं एवढं. काचवाल्याचं एवढं. प्रत्येक नावाला तो माणूस हात वर करतो आणि वाचणाऱ्याला त्याच्याकडे बघावंच लागतं. मुलीचे वडील वाचत वाचत शेवटाला आले आणि म्हणाले, ‘इतर, एवढे.’ आणि खाली बसायला लागले.

साहेब म्हणाले, ‘इतर म्हणजे कोण?’

ते पुन्हा कागदाकडे बघायला लागले.

‘मला नाव नकोय. नातं सांगा.’

‘मुलगी.’

माझ्या मुलीने हात वर केला. शाळेत करतात तसा, ताठ.

मग बँकेचे वकील उठले. आज ते नाहीत इथे, पण ते काही चुकीचं वागत होते असं मी म्हणणार नाही, त्यांना त्याचेच पैसे मिळतात. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की बँकेकडे तारण आहे तो टेम्पो बँकेने न्यावा. राहिलेली यंत्रं, लाकूड, तयार माल विकून जे येईल त्यात पहिला हक्क मुलीचा. आणि पट्ट्यापुरते पैसे सगळी वाटणी होईपर्यंत न थांबता लगेच द्यावेत, असा साहेबांचा विचार होता. वकिलांचं म्हणणं, हक्क पहिला असेल, कोण नाही म्हणतंय? पण सगळ्यांचे दावे तपासून होऊ देत, वर्षभरात हिशेब लागेल, तेव्हा द्या. घाई कशाला? आणि माझ्या मुलीकडे हात करून, अगदी प्रेमाने, ‘मुलगी समोरच बसली आहे. चांगली ठणठणीत दिसते. मला तर काही निकड दिसत नाही, साहेब.’

खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि खरंच, काही दिसत नव्हतं. दिसू नये म्हणून मी रात्र घातली होती.

साहेब मला म्हणाले, ‘बाई, तुम्हाला काही सांगायचंय?’ मी उभी राहिले. काय सांगू? एवढ्या पुरुषांसमोर पोरीचं जाकीट काढून दाखवू? मी नुसती उभी.

तेव्हा मुलीने खुर्चीतल्या खुर्चीत मूठ वळली आणि दारावर वाजवावं तसं स्वतःच्या पोटावर वाजवलं. टक, टक, टक. लाकडावर वाजवल्यासारखा आवाज. खोलीभर ऐकू गेला. आणि वकिलांना विचारलं, ‘काका, ऐकू आलं? हा लहान झालाय. मला श्वास घेताना टोचतो.’

 स्टेनोबाई त्या दिवशीही होत्या, त्यांचा हात थांबला. साहेब त्यांना म्हणाले, ‘थांबलात का? लिहा. निकड काय असं विचारलं असता मुलीने पोटावर वाजवून दाखवलं. आवाज आला.’ जशी वीजबिलाची नोंद करावी, तसं सांगितलं. चेहरा तोच, एरंडेलाचा.

आणि मुलीचे वडील? त्यांना पट्ट्याचं माहीत होतं ते निरोपातून, दुसऱ्याच्या तोंडून. तो आवाज ऐकला तेव्हा त्यांनी मान वर केली. ते सुतार, कशावर वाजवल्यावर कसा आवाज येतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते उठले. त्यांच्या वकिलाने बाही ओढली, तरी म्हणाले, ‘साहेब, आधी तिचे द्या. माझी हरकत नाही.’ माझी हरकत नाही! मला तशातही हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यानंतर माझा अर्धा राग गेला. अर्धा आहे अजून.

पैसे आले. लगेच म्हणजे सरकारी लगेच. या टेबलावरून त्या टेबलावर कागद जायला वेळ लागतोच, साहेब स्वतः कागद हातात घेऊन मजले चढले-उतरले, हे मला शिपायाने नंतर सांगितलं. पण तोवर मुलगी वाढतच होती. वाढायचं थांबव असं तिला कोण सांगणार? दुसरा पट्टा झाला, पुढे तिसराही झाला. ऑपरेशन टळलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. मधल्या त्या महिन्यांत मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर राहिला, तो तसाच राहणार. मी आता नवे कपडे कोणाचेच शिवत नाही, फक्त तिचे शिवते, उजवीकडे बोटभर कापड जास्त सोडून. ही सगळी हकिकत सुखाची आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी माझ्याबरोबर एकदा तिचं माप घ्यावं.

दुकान विकलं गेलं. मुलीचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर लागले. साहेबांनी हप्ते बांधून दिले. ते काही वर्षं भरले, मध्ये चुकले, साहेबांनी बोलावून खरडपट्टी काढली, पुन्हा भरायला लागले. मग एक दिवस त्यांची दिवाळखोरीतून सुटका झाली. मी त्या दिवशी आले होते. बँक गेली, लाकूडवाला गेला, काचवाला, वीज, सगळे पुसले गेले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘साहेब, म्हणजे मी आता कोणाचंच काही लागत नाही?’

साहेब म्हणाले, ‘एकीचं लागता.’

मागची थकलेली पोटगी अजून बरीच बाकी होती, ती तशीच उभी राहिली. एवढ्या मोठ्या जगात या माणसाकडे हक्काने काही मागणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ती त्याची मुलगी होती.

आता जे सांगणार आहे ते नियमात बसत नाही. अध्यक्ष महोदयांनी कृपया कानावर हात ठेवावेत. खरं म्हणजे तिथे साहेबांचं काम संपलं होतं. पण आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हतो. तेव्हा साहेब चिडून म्हणाले, ‘आणून द्या माझ्याकडे. बाई माझ्याकडून नेतील.’ तेव्हापासून दर महिन्याला सकाळी ते पाकीट आणून देतात आणि दुपारी मी घेऊन जाते. इतक्या वर्षांत आम्ही जिन्यात एकदाही समोरासमोर आलो नाही. हा योगायोग नव्हता. साहेबांनी दोघांना वेळा वाटून दिल्या होत्या, आणि आलं कोणी चुकून लवकर तर हा चेहरा पाहून परत जायचं.

साहेब, तुम्ही मला कधी ‘कशा आहात’ असंही विचारलं नाही. पाकीट द्यायचात आणि म्हणायचात, ‘मोजून घ्या.’ मी मोजत नसे, तुम्ही रागवायचात. एवढंच आपलं बोलणं. पण त्या टेबलाच्या भरवशावर मी कितीतरी महिने ढकलले. तुमचे आभार मानायला मला योग्य शब्द सापडत नाहीत. तुम्ही माझ्याशी कधी गोड बोलला नाहीत, आणि मला तेव्हा गोड बोलणाऱ्या माणसांचा वीट आला होता. तेवढं तुमच्या पुष्पगुच्छात बांधून न्या. वहिनी, आता हे दिवसभर घरी असणार. तुमच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

पण उद्यापासून ते टेबल नाही. नवीन साहेब येतील, ते नियमाने वागतील, आणि वागावंच. मग पाकीट कुठे जाणार?

आज सकाळी मी मुलीला हेच विचारलं. ती आता मोठी झाली आहे, नोकरी करते. तीच, दुसऱ्या रांगेत, स्टेनोबाईंच्या मागे. मी म्हटलं, ‘अगं, आता तुला सोडता येतं. साहेब म्हणालेच होते. राहिलंय ते काही फार नाही, तू कमावतेस. सोडून टाक, माझीही ये-जा संपेल. मी दमले गं आता.’

तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाली, ‘नाही सोडत.’

‘काय करायचेत ते पैसे?’

‘पैशांसाठी कोण म्हणतंय? ते माणूस महिन्यातून एकदा माझ्यासाठी एवढे दोन मजले चढतं. सोडले तर कशाला चढेल?’ आणि वेणी घालता घालता, ‘त्यांना सांग, पुढच्या महिन्यापासून माझ्या हातात आणून द्या. जिना आपल्याकडेही आहे.’

मला हे आवडलं का? खरं सांगू? नाही आवडलं. ज्या माणसाची सावली नको म्हणून मी वेळा पाळल्या, तो आता माझ्या दुकानाचा जिना चढणार. पण मला आवडण्याचा इथे संबंध काय? हे पैसे माझे नव्हतेच. ते मला पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं.

तेव्हा दाराजवळच्या गृहस्थांनी ऐकलं असेलच. पिंपाआड बसल्याने ऐकू येत नाही असं नाही. पुढच्या महिन्याचं पाकीट या कचेरीत आणू नये. बाजाराच्या मागची गल्ली, चष्म्याचं दुकान, बाजूचा जिना. वरून तिसरी पायरी सैल आहे, जपून यावं, आणि सुतार माणसाने येताना दोन खिळे आणले तर आमची हरकत नाही. ती संध्याकाळी घरी असते. चहा तिने केला तर मिळेल, मी करणार नाही.

स्टेनोबाई घड्याळ दाखवतायत. आयोजकांनी मला इथे बोलावलं, अध्यक्ष महोदयांनी नियमाबाहेरचं निमूटपणे ऐकून घेतलं, बँकेच्या अधिकाऱ्यांनी मध्ये हरकत घेतली नाही, आणि आपण सर्वांनी एका शिवणाऱ्या बाईचं लांबलेलं बोलणं सहन केलंत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. साहेबांना उरलेलं आयुष्य आरोग्याचं जावो, आणि जमलंच तर एखादं हसूही येवो.

बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते आपण मोठ्या मनाने माफ करावं. तेवढं माफ करायचा अधिकार आपल्याला आहे. बाकीचं माफ करायचा अधिकार जिच्याकडे आहे, ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि ती आज सकाळीच नाही म्हणाली आहे.

नमस्कार.